मदत हवी आहे: येमेनच्या गिऱ्हाइकाचं नाव निर्बंधांच्या यादीतल्या माणसाशी जुळलं, पैसे अडकलेत

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, लेथवर टर्निंग मारायचं, पंपाच्या बॉड्या करून द्यायच्या, हे वडिलांपासूनचं काम. मी, धाकटा भाऊ आणि सहा कामगार.

मेमध्ये एडनच्या एका व्यापाऱ्याला ८० बॉड्या पाठवल्या. एकेकीच्या तोंडाला ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आईनं स्वतः खोक्यांत भरल्या. माल पोचला, ६,२०० डॉलर पाठवल्याची त्याची पावतीही आली. त्याला सात आठवडे झाले, खात्यात रुपया नाही.

बँकेतले साहेब चांगले आहेत, कन्नडात समजावून सांगतात, पण त्यांनाही एवढंच माहीत की न्यूयॉर्कमधल्या मधल्या बँकेनं नाव जुळल्यामुळे व्यवहार थांबवलाय. शोधलं तेव्हा कळलं, १६ मे २०१२ ला ओबामांनी काढलेल्या १३६११ क्रमांकाच्या आदेशानं येमेनची शांतता, सुरक्षा आणि स्थैर्य धोक्यात आणणाऱ्यांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवता येते. सुरक्षा परिषदेनंही २०१४ मध्ये २१४० क्रमांकाचा ठराव करून असेच निर्बंध आणले. देश पेटवणाऱ्यांचा पैसा अडवायलाच हवा. पण आमच्या माणसाचं नाव तिकडे घरटी सापडेल असं, आणि यादीतल्यापेक्षा तो वीस वर्षांनी लहान आहे!

पैसे सोडवायचा अर्ज त्यानं करायचा की मी? वकील लागतोच का? फौंड्रीची उधारी थकलीय, गणपती तोंडावर आलेत, कामगारांना काय सांगू? कुणी यातून गेलं असेल तर कृपा करून सांगा.

खानापूरकर:
दादा, आधी लेखी विचारा: पैसे गोठवलेत, परत पाठवलेत, की नुसते तपासणीत आहेत? तपासणीत असतील तर त्या गिऱ्हाइकाच्या पासपोर्टची प्रत तुमच्या बँकेमार्फत लगेच पोचवा, जन्मतारीख वेगळी दिसली की बहुतेक सुटतं. परत गेले असतील तर त्याच्या बँकेत शोधायला लावा. गोठवले असतील तर ते व्याजाच्या वेगळ्या खात्यात असतात, आणि त्या बँकेला १० कामकाजी दिवसांत अमेरिकेच्या ओफॅक या निर्बंध राबवणाऱ्या कार्यालयाला कळवावं लागतं. सोडवण्याचा अर्ज ओफॅककडे ऑनलाइन होतो, फी नाही, वकिलाची सक्ती नाही. ज्याचे पैसे अडकलेत तो करू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती) आणि स्विफ्ट संदेशाची, म्हणजे पैसे पाठवताना बँकांमध्ये जाणाऱ्या संदेशाची, प्रत जोडा.

आणि हो, निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत यावे लागतात. मुदत संपायच्या आत बँकेकडे वाढीचा अर्ज देऊन ठेवा. हे राहून जातं आणि मग दुसराच घोर लागतो.

धागाकर्ता:
मुदतीचं डोक्यातच आलं नव्हतं, फार उपकार झाले. उद्या बँक उघडायच्या आधीच दारात उभा राहतो, स्विफ्टची प्रत घेतल्याशिवाय हलत नाही. पासपोर्टचा फोटो त्यानं आत्ताच पाठवला, पण नेमकी जन्मतारखेवर बोटाची सावली पडलीय. परत काढायला सांगितलंय.