महिला दिनाचा सत्कार बंद करायचा, की विद्यापीठानं आधी टेप घेऊन मोजायचं?

जीवशास्त्रवाली:
काल 'गुणवत्ताच' यांनी लिहिलं की विद्यापीठात आता निम्म्या मुली आहेत, सुवर्णपदकंही त्याच नेतात, समता आलेली आहे, तेव्हा महिला दिनाचे सोहळे म्हणजे बायकांचाच अपमान, बंद करा. तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

निम्म्या मुली आहेत, मान्य. पण कुठे? वर्गातल्या बाकांवर. तिथून विभागप्रमुखाच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर त्या कुठे कुठे गळतात ते कुणी मोजलंय का?

अमेरिकेतल्या एमआयटीत एका बाईंनी मोजलं होतं. नॅन्सी हॉपकिन्स, जीवशास्त्रज्ञ. झीब्राफिशवर काम करायचं म्हणून माशांच्या टाक्यांसाठी थोडी जास्त जागा मागत होत्या. मिळेना. तुमची जागा इतरांपेक्षा कमी आहे, हेच कुणी मान्य करेना. मग त्या टेप घेऊन स्वतः प्रयोगशाळा मोजत फिरल्या आणि बरोबरीच्या पुरुषांपेक्षा आपल्याकडे बरीच कमी जागा आहे हे आकड्यांत दाखवलं. नंतर बाकीच्या जणींशी बोलणं झालं. 1994 साली तिथल्या विज्ञान शाखेत कायम झालेले पुरुष प्राध्यापक होते जवळपास दोनशे आणि बायका 15. त्या पंधराही वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं की हे फक्त आपल्याच बाबतीत होतंय. 1999 साली अहवाल जाहीर झाला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी चूक उघडपणे मान्य केली.

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी माझा सत्कार झाला. ओळख करून देणाऱ्यांनी सांगितलं, "घर आणि दोन मुलं सांभाळून मॅडमनी संशोधन केलं." कशावर केलं, ते एका शब्दानं नाही. प्रमाणपत्रावर नावाची ओळ कोरी होती. "नंतर कार्यालयातून भरून घ्या," म्हणाले. ती ओळ आजही कोरी आहे, प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. मारिया गेपर्ट-मेयर यांना 1963 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा सॅन दिएगोच्या वृत्तपत्रानं गावातल्या एका आईला नोबेल मिळाल्याचा मथळा दिला होता. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी विद्यापीठांत बिनपगारी काम केलं होतं. त्या मथळ्यात आणि माझ्या ओळखीत मला तरी काही फरक दिसत नाही.

तरीही सत्कार बंद करा असं मी म्हणणार नाही. सत्कार करा, पण त्याच व्यासपीठावरून आकडे वाचा. यंदा किती जणी नेमल्या, निवड समित्यांवर किती होत्या, कुणाला किती जागा मिळाली, किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती निकाली निघाल्या.

गुणवत्ताच:
माझं वाक्य अर्धं तोडून धागा काढलात. मी पुढे असंही लिहिलं होतं की वेगळी रांग लावली की त्या रांगेतल्या माणसाकडे लोक संशयानं बघतात.

माझ्या एका विद्यार्थिनीला संपूर्ण विद्याशाखेत पहिली आल्याबद्दल सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच महिन्यात महिला दिनाला तिला 'उत्कृष्ट विद्यार्थिनी' म्हणून पुन्हा बोलावलं. खाली उतरली आणि मला विचारते, "सर, मी सगळ्यांत पहिली आले होते ना? मग आता मुलींत पहिली कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

आणि एमआयटीचा अहवाल जुना झाला. एका परदेशी संस्थेतल्या पंधरा बायकांवरून जगभरच्या विद्यापीठांचा निवाडा करायचा?

दुसरं_सेमिस्टर:
सरांशी सहमत. मी मुलगी आहे, विज्ञान शाखेत आहे. आजपर्यंत एकदाही कुणी मुलगी म्हणून मला डावललेलं नाही. गटाचं काम वाटून घेतो, गुण उत्तरपत्रिकेवर पडतात. 8 मार्चला मात्र सकाळपासून गुलाब घेऊन मागे लागतात, तेव्हा उलट अवघडल्यासारखं होतं.

जीवशास्त्रवाली:
@दुसरं_सेमिस्टर, त्याच अहवालात नेमकं हेच आहे. नव्यानं लागलेल्या तरुण प्राध्यापिकांना भेदभाव जाणवत नव्हता. ज्येष्ठ झालेल्यांना जाणवत होता. आणि त्या ज्येष्ठ बायकाही तरुणपणी असंच म्हणायच्या.

दुसरं_सेमिस्टर:
म्हणजे मला अजून कळत नाही, मोठी झाले की कळेल, असंच ना? हे घरी ऐकते तेवढं पुरे आहे. मी माझा अनुभव लिहिला तर तो कच्चा, आणि तुमचा कोऱ्या प्रमाणपत्राचा अनुभव पक्का?

जीवशास्त्रवाली:
तुझा अनुभव खोटा आहे असं मी म्हटलं नाही. पण माझ्या लिहिण्याचा सूर तसाच लागलाय खरा. चुकलं.

गणितवेडी:
@गुणवत्ताच, गुणवत्ता आपोआप वर येते हे तुमचं गृहीतक आहे, त्यावर बोलू. एमी नोएथर यांच्या गणिताशिवाय आजचं बीजगणित उभं राहत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात त्यांची व्याख्यानं काही वर्षं तिथले नामवंत गणिती हिल्बर्ट यांच्या नावानं जाहीर व्हायची आणि शिकवायच्या या. पगार नाही. अधिकृतपणे शिकवायचा हक्क मिळाला 1919 साली. शेजारी हिल्बर्टसारखा माणूस पाठीशी असताना ही गत.

केंब्रिजमध्ये बायकांना पदवी द्यावी का यावर 1897 साली मतदान झालं, तेव्हा विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा चौकात टांगला होता. प्रस्ताव पडला. पूर्ण पदवी मिळायला 1948 उजाडलं. त्या पन्नास वर्षांत तिथे शिकलेल्या बायकांची गुणवत्ता कुठे कमी पडली होती?

गुणवत्ताच:
1897 आणि 1919. वर्तमानातलं काही आहे का?

गणितवेडी:
भौतिकशास्त्राचं नोबेल 1901 पासून देतात. 2023 पर्यंत किती बायकांना मिळालं? पाच. क्युरी 1903, गेपर्ट-मेयर 1963, स्ट्रिकलंड 2018, गेझ 2020, लुइलिए 2023. मधली साठ आणि पंचावन्न वर्षांची अंतरं तुम्हीच बघा.

माजी_उपकुलसचिव:
हा कार्यक्रम मी अकरा वर्षं आयोजित केला. इथे सगळे त्याला नावं ठेवताहेत म्हणून लिहितो.

एके वर्षी आम्ही सफाई विभागातल्या बाईंना बोलावलं. बत्तीस वर्षं नोकरी. व्यासपीठावर चढताना त्यांनी चपला खाली काढल्या, मी नको म्हणत असतानाही. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "साहेब, माझं सगळं नाव माईकवर पहिल्यांदाच ऐकलं." एवढ्या वर्षांत त्यांना सगळे 'मावशी'च म्हणत आले होते. मीसुद्धा. त्या दिवशी सभागृहात जे प्राध्यापक आले नव्हते, त्यांनी आज मला आकडे वाचायला सांगू नयेत. जीवशास्त्रवाली मॅडम, तुमच्या सत्काराचं मला ठाऊक नाही, पण कोरं प्रमाणपत्र दिलं असेल तर ते वाईटच.

कंत्राटी_सहावं_वर्ष:
अकरा वर्षं आयोजित केलात, तर खुर्च्या कुणी मांडल्या तेही सांगा. स्वागत समिती, फुलं, सूत्रसंचालन, पाहुण्यांना आणणं-सोडणं, अहवाल लिहिणं हे सगळं विभागातल्या बायकांकडेच येतं, आणि त्यातही आम्हा कंत्राटी बायकांकडे, कारण आम्हाला नाही म्हणता येत नाही. महिला दिनाची तयारी करताना माझे गेल्या वर्षी आठ दिवस गेले. त्याच आठवड्यात माझ्या बरोबरीनं लागलेल्या सहकाऱ्यानं शोधनिबंध पाठवला. मुलाखतीत त्याचा निबंध मोजला गेला, माझ्या खुर्च्या नाही.

आणि सत्कारासाठीच्या अर्जात पहिलीच अट होती, 'कायम सेवेत असणे आवश्यक'.

गुणवत्ताच:
हे मात्र अन्यायाचं आहे. पण मग हा कंत्राटी पद्धतीचा प्रश्न झाला. कंत्राटी पुरुषही भरडले जातातच.

कंत्राटी_सहावं_वर्ष:
भरडले जातात. खुर्च्या मांडत नाहीत.

खगोलप्रेमी:
थोडं अवांतर. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांना अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत निरीक्षणाची परवानगी मिळाली 1965 साली. तोवर बायकांना न देण्याचं एक कारण सांगायचे की तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. रुबिन गेल्या, कागदाचा छोटा स्कर्ट कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्रावर चिकटवला. झालं बायकांचं स्वच्छतागृह. एवढ्या कागदाच्या तुकड्यावर इतकी वर्षं अडलं होतं.

गणितवेडी:
अवांतर कसलं, मूळ मुद्दाच आहे हा. भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर 1907 साली बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांना रसायनशास्त्राच्या इमारतीत वर जायची मुभा नव्हती. तळघरातल्या जुन्या सुतारखोलीत काम करायच्या आणि स्वच्छतागृहासाठी बाहेर, रस्त्यावरच्या हॉटेलात जायच्या. हार्वर्डमध्ये तर 1973 साली निदर्शनं झाली, कारण ज्या लोवेल हॉलमध्ये परीक्षा व्हायच्या तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. परीक्षेतला वेळ चालण्यात घालवायचा, म्हणजे गुण कुठून येणार? म्हणे उत्तरपत्रिकेवर पडतात!

गुणवत्ताच:
समतेवरचा धागा शेवटी संडासावर आणून ठेवलात. गंभीर चर्चेची अशी वाट लागते. मी काढता पाय घेतो.

पीएचडी_सातवं_वर्ष:
थांबा सर, ऐकून जा.

आमच्या मजल्यावर पुरुषांचं आहे, बायकांचं नाही. एकदा प्रयोग लावला की मधे सोडता येत नाही, दर वीस मिनिटांनी नमुना काढावा लागतो. वीस मिनिटांत जाऊन येणं होत नाही, म्हणून मी सकाळपासून पाणी पिणं बंद केलं. दोन वर्षं. मूत्रमार्गाचा संसर्ग चार वेळा झाला. चौथ्या वेळी तो मूत्रपिंडापर्यंत गेला आणि तीन आठवडे अंथरुणावर होते. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी म्हटलं, दोन घोट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

परत आले तर मार्गदर्शकांनी प्रगती अहवालात लिहिलं होतं, 'उपस्थिती अनियमित, कामात सातत्य नाही.' त्या ओळीमुळे माझी शिष्यवृत्तीची मुदतवाढ गेली. तुमच्या भाषेत ही गुणवत्तेची मोजणी आहे. तुम्ही ज्याला संडास म्हणता, तो माझ्या संशोधनाला सातवं वर्ष का लागलं याचं उत्तर आहे.

दुसरं_सेमिस्टर:
ताई, हे वाचून हात थांबले. मीही प्रयोगाच्या दिवशी पाणी पीत नाही. सगळ्याच मुली पीत नाहीत. आम्ही त्याबद्दल कधी बोलतही नाही, तसंच असतं म्हणून.

माजी_उपकुलसचिव:
प्रशासनाची बाजूही ऐका. जुन्या इमारती बांधल्या तेव्हा विज्ञानाच्या मजल्यांवर मुलीच नव्हत्या, आराखड्यात एकच स्वच्छतागृह धरलं. नंतर सांडपाण्याची वाहिनी वाढवायची तर खालच्या तीन मजल्यांच्या भिंती फोडाव्या लागतात. असा प्रस्ताव मी स्वतः दोनदा पाठवला होता, दोन्ही वेळा परत आला.

कंत्राटी_सहावं_वर्ष:
तिसऱ्या मजल्यावर भिंत न फोडता एक केलं होतं ना? त्याला कुलूप का असतं?

माजी_उपकुलसचिव:
गैरवापराच्या तक्रारी होत्या. बाहेरची माणसं यायची, नळ चोरीला गेले.

कंत्राटी_सहावं_वर्ष:
पुरुषांच्या स्वच्छतागृहातलेही गेले होते. त्याला कुलूप नाही.

माजी_उपकुलसचिव:
कुलूप लावायला मीच सांगितलं होतं. तेव्हा ते बरोबर वाटलं. आज तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जीवशास्त्रवाली:
मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात नेमणुका आणि निवड समित्या होत्या. आकड्यांच्या यादीत हे मी धरलंच नव्हतं, आणि मी त्याच इमारतीत एकोणीस वर्षं आहे. ज्येष्ठ झाल्यावर मला खोलीला लागून स्वच्छतागृह मिळालं आणि मी विसरून गेले.

गुणवत्ताच:
काढता पाय घेतो म्हटलं होतं, तरी लिहितो. आज संध्याकाळी थांबून मोजलं. माझ्या प्रयोगशाळेच्या दारापासून पुरुषांच्या स्वच्छतागृहापर्यंत 22 पावलं. बायकांच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, दारापर्यंत 187 पावलं आणि दोन जिने. कुलूप होतं. किल्ली कुठे असते ते शिपायाला विचारलं, तर तळमजल्यावरच्या कार्यालयात, म्हणजे आणखी तीन जिने खाली आणि पुन्हा वर. माझ्या हाताखाली सहा मुली संशोधन करतात. त्यांतल्या दोघींच्या अहवालांत मीही 'जागेवर नसतात' असं लिहिलेलं आहे. ते शेरे उद्या दुरुस्त करतो.

सत्काराबद्दलचं मत बदललेलं नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला अजूनही तुमच्यापैकी कुणी उत्तर दिलेलं नाही.

गणितवेडी:
नाही दिलं, खरं आहे. तिचा प्रश्न बरोबर होता. तिला मुलींत पहिली म्हणून बोलवायलाच नको होतं.

जीवशास्त्रवाली:
@गुणवत्ताच, ही पावलं लेखी द्याल का? मी कुलगुरूंना पत्र लिहिते आहे. बाईनं लिहिलं की गाऱ्हाणं होतं, म्हणून तुमची सही हवी. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये, पण हवी.

गुणवत्ताच:
देतो. पत्रात 'किल्ली मागितल्यावर मिळते' असं उत्तर येईल, ते आधीच खोडून ठेवा.

पीएचडी_सातवं_वर्ष:
त्यासाठी वेळही लिहा सर. कार्यालय साडेपाचला बंद होतं आणि किल्ली आतच राहते. माझा शेवटचा नमुना नऊ वाजता असतो.