फी माफ झाली, पण पहाटे नदीवर कोण जाणार?

पाणवठा (धागा सुरू करताना)

पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या गरीब घरच्या मुलांना मदत म्हटली की सगळ्यांना आधी फी आठवते. फी माफ केली की आपलं कर्तव्य संपलं. बरीच वर्षं हा विषय शिकवल्यावर माझं मत वेगळं झालंय. माझ्या डोळ्यांसमोर जी मुलं गळाली, ती बहुतेक वेळेपायी गळाली.

एक साधं प्रॅक्टिकल घ्या. नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचाय. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन मात्र चालूच, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. नदीची खरी अवस्था बघायची तर उजाडायच्या आत काठावर पोचायला हवं. ३०० मिलीची बाटली एकही बुडबुडा आत राहू न देता भरायची. लगेच, तिथंच, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं आणि तपकिरी साका खाली बसेपर्यंत थांबायचं. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू खातात ते, काढायचा असेल तर दुसरी बाटली २० अंश सेल्सिअसला ५ दिवस अंधारात ठेवायची आणि पाचव्या दिवशी, सुट्टी असो नसो, येऊन मोजायची.

माझा एक विद्यार्थी यात फार तरबेज होता. तो रात्रपाळी करायचा आणि पहाटेच्या वेळी त्याची पाळी सुटलेली नसायची. दोनदा जोडीदारानं त्याच्या वाटचा नमुना घेतला, तिसऱ्यांदा गैरहजेरी लागली. फी पूर्ण माफ होती, तरी दुसऱ्या वर्षाच्या मध्यात तो यायचा बंद झाला. त्याचं जर्नल अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या तक्त्यात पाचव्या दिवसाचा रकाना कोरा आहे.

म्हणून माझी मागणी अशी: फीमाफी हवीच, पण प्रयोगशाळेच्या आणि क्षेत्रकामाच्या तासांचे पैसेही या मुलांना मिळाले पाहिजेत. पगारासारखे, दरमहा. तुम्हाला काय वाटतं?

कातळ

तळमळ पोचली, पण मी ठाम विरोधात आहे. तासांचे पैसे देण्याला माझी हरकत नाही. गरीब मुलांना या पदवीकडे ओढून आणण्याला आहे.

पदवीनंतर काय, हे कुणीच बोलत नाही. सुरुवातीची कामं बरीचशी प्रकल्पापुरती. प्रकल्प संपला की नोकरीही संपते, आणि जरा बऱ्या जागेला पदव्युत्तर पदवी मागतात. पैसेवाल्या घरचं मूल आणखी दोन वर्षं थांबू शकतं. ज्याच्या पगाराकडे घर डोळे लावून बसलंय, त्यानं काय करायचं?

शिवाय पर्यावरणाचं काम करायला याच नावाची पदवी लागते असंही नाही. वांगारी माथाई शेतकरी घरातल्या. १९६० मध्ये शिष्यवृत्तीवर केनियातून अमेरिकेला गेल्या आणि जीवशास्त्र शिकल्या. १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ उभी केली, २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे चार्ल्स कीलिंग रसायनशास्त्राचे. मुलांना पक्की मूलभूत शाखा द्या. पर्यावरणाकडे वळायचं तर नंतर वळतील, नाही वळली तरी उपाशी राहणार नाहीत.

गवताळ

म्हणजे ज्यांच्या वस्तीशेजारी कचरा जळतो, त्यांनी तो विषय शिकायचा नाही? हे मला पटत नाही. आपल्या भल्याचं काय ते आपण ठरवायचं आणि निवड मात्र पैसेवाल्यांच्या मुलांनी करायची!

निम्नदाब

मदतीला विरोध नाही, पण पैसा मर्यादित आहे. गुणवत्ता यादी लावा आणि वरच्या काही जणांना भरघोस द्या. सगळ्यांना थोडं थोडं वाटलं तर कुणालाच पुरणार नाही.

शेवाळ

निम्नदाब, गुणांच्या यादीवरून पॉल क्रुट्झेन आठवले. वडील वेटर, आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ताप भरला, गुण कमी पडले आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती हुकली. घरावर भार नको म्हणून स्थापत्याचं तांत्रिक शिक्षण घेतलं आणि पुलांच्या कामाला लागले. १९५९ मध्ये स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागात प्रोग्रामर म्हणून नोकरी मिळाली, तीही आधी कधी प्रोग्रामिंग केलेलं नसताना. ती करता करता तासांना बसले. १९७० मध्ये नायट्रोजन ऑक्साइडं ओझोन कशी नष्ट करतात ते मांडलं आणि १९९५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट. पदवीत त्यांना रसायनशास्त्र घेताच आलं नव्हतं, भौतिकशास्त्रही नाही. या विषयांच्या प्रयोगांना वेळ फार लागतो आणि नोकरी सांभाळून तो काढणं शक्य नव्हतं. पाणवठा म्हणतात ते हेच.

कातळ

पण शेवाळ, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शिष्यवृत्ती नव्हती, आधी हातात कामाची विद्या घेतली, पोट भरलं आणि मग विज्ञानाकडे वळले.

शेवाळ

वळले ते विभागानं पगार दिला म्हणून! नोकरी विभागातच होती, म्हणून तासांना बसता आलं. पूल बांधण्याच्या कचेरीत राहिले असते तर?

निम्नदाब

तापाचा मुद्दा मान्य. एका परीक्षेवर यादी लावू नये. तरी एक विचारतो. हल्ली क्षेत्रकामावर इतकं अडायचं कारण काय? लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून फुकट आहेत, सेंटिनेल उपग्रहांच्याही. नकाशे करायच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. रात्रपाळी करणारा मुलगा हे काम त्याच्या वेळेत करेल. एक बरा लॅपटॉप द्या आणि हजेरीची अट सैल करा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

पाणवठा

निम्नदाब, लॅपटॉप द्याच, मी आडवी येणार नाही. पण लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा आणि सेंटिनेलचा बारीकात बारीक १० मीटरचा. कारखान्यामागून वाहणारा चार मीटरचा ओढा त्यात दिसतच नाही. प्रतिमेत जे दिसतं तेही खरं की खोटं, ते कुणीतरी पायी जाऊन ताडून बघावं लागतं. मग गरीब मुलांनी पडद्यापुढे बसायचं आणि ज्यांना परवडतं त्यांनी नदीवर जायचं, अशी वाटणी होईल. उद्या कामावर घेताना पहिला प्रश्न येतो तो “क्षेत्रात किती दिवस काम केलंय?” हाच.

कातळ, नोकरीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते झाकणार नाही. पण याच कारणासाठी तासांचे पैसे हवेत. बिनपगारी इंटर्नशिप फक्त घरून पैसा येणाऱ्यालाच परवडते, आणि पुढच्या ओळखी तिथंच होतात. गरीब मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे गुणपत्रिका असते, ओळख नसते. आणि मूलभूत शाखेचं म्हणाल, तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही घड्याळ तेच आहे. क्रुट्झेनना अडवलं ते तिथंच ना?

गवताळ

प्रवासाचा खर्च आधी हातात द्यावा, हेही मागणीत घाला. आधी खिशातून भरा, पावत्या जोडा, पैसे नंतर मिळतील, या पद्धतीमुळे माझ्या वर्गातल्या दोघी कधीच सहलीला आल्या नाहीत. दोघींनी कारण सांगितलं आजारपणाचं.

कातळ

ही पावत्यांची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

प्रयोगशाळेबद्दल तुमचं मान्य, तासांचे पैसे द्या. मात्र सगळ्या विज्ञान शाखांना द्या, एकाच पदवीला नको, नाहीतर मुलं विषयापेक्षा पैशाकडे बघून येतील. आणि प्रवेशाच्या दिवशीच मागच्या पाच तुकड्यांमधली किती मुलं कुठं कामाला लागली, ते नाव न घेता, आकड्यांत सांगा. ते बघूनही मूल म्हणालं की मला हेच शिकायचंय, तर माझा विरोध संपला. तुमच्या विभागात असे आकडे ठेवतात का?

पाणवठा

नाही ठेवत. सोडून गेलेल्यांचे तर नाहीच. सोमवारी जुनी हजेरीपत्रकं काढून बसते, त्या मुलापासून सुरुवात करते.