शब्दचर्चा: 'क्षार' म्हणजे खारं की सोडा?

काळीमाती: पोरीच्या प्रकल्पासाठी पृथ्वीवर जीव कसा आला ते वाचून राहिलो. 'क्षारयुक्त सरोवर' इथं गाडी अडली. आमी खारपाणपट्ट्यातले, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, ते 'खारं'. पापडात पडते तो 'खार'. लोणच्याचाही खारच. यातला क्षार कोणता?

उनाडवारा: शाळेच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी, क्षार'. म्हणजे क्षार हा मिठाचा गट. हिंदीत क्षार म्हणजे आपली आम्लारी आणि मीठ ते लवण. इकडं निम्मे व्हिडिओ हिंदीतले, घोळ होणारच.

मास्तरीण: भाऊ, दोन वाट्या घ्या. एकीत मिठाचं पाणी, दुसरीत पापडखाराचं. दोन्हीत चिमूटभर हळद टाका. मिठाची वाटी पिवळीच राहते, पापडखाराची कुंकवासारखी तांबडी होते. पापडखार शाळेच्या अर्थानेही क्षारच, फक्त स्वभाव आम्लारीचा.

तुमच्या विषयात हाच फरक कळीचा आहे. डीएनए, आरएनए म्हणजे जीवाची माहिती साठवणारे रेणू. दोघांनाही फॉस्फेट लागतं आणि ते येतं खडकातून. पण साध्या पाण्यात कॅल्शियम त्याला धरून तळाशी बसवतं. सोड्याच्या, म्हणजे पापडखाराच्या जातीच्या तळ्यात कार्बोनेट आधी कॅल्शियमलाच चुनखडी करून टाकतं, मग फॉस्फेट पाण्यात मोकळं राहून साठत जातं. 1871 च्या पत्रात डार्विनने कल्पिलेल्या कोमट डबक्यातही अमोनियासोबत फॉस्फरसचे क्षार होतेच. 'खारट सरोवर' लिहिलं की सगळं गेलं. खारट तर समुद्रही आहे.

उनाडवारा: मग 'सोडा सरोवर' लिहा. (धातू 'क्षर्', म्हणजे झरणे, पाझरणे. खडकातून पाझरून आलेलं, हा अर्थ मला तरी आवडतो.)

काळीमाती: म्हणजे आपलं लोणार! आजी तिथल्या खाराची नावं सांगे: दल्ला, भुस्की, पापडी.

मास्तरीण: जात तीच, सोड्याची. पण पहिला जीव लोणारात झाला असं पोरीला लिहू देऊ नका. जीवसृष्टी साडेतीनशे कोटी वर्षांहून जुनी. लोणारचा काळा पाषाणच साडेसहा कोटी वर्षांचा, खड्डा तर त्याच्याही कितीतरी नंतरचा. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, ते खारात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. ते तिथले आजचे रहिवासी.

काळीमाती: हळद टाकली ताई. तांबडी झाली. पोरगी आता घरातली सगळी हळद संपवते बाप्पा.