मदत हवी आहे: भाडेकरूला शोधायला आले, आमचं घर उपसून गेले, आता पंचाची सही मागतायत

पेडणेकर_७: नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यात आमचं जुनं घर, मागची खोली वेगळ्या दाराची, ती भाड्यानं दिलीय. व्हेरिफिकेशनचा फॉर्म वेळेवर भरला होता. परवा रात्री साडेनऊला तिघे पोलीस आले. भाडेकरू मुलगा चोरीच्या मोबाइलच्या प्रकरणात हवाय म्हणाले. तो नव्हता. त्याची खोली पाहिली, तीन फोन उचलले. मग आमच्या घरात शिरून आईचं कपाट, देवघराखालचे खण, सगळं उपसलं. बुटांसकट. आई तेव्हापासून दोनदा गोमूत्र शिंपडून झाली.

कागद मागितला तर "वॉरंट सिनेमात लागतं". यादी दिली नाही, शूटिंग केलेलं दिसलं नाही. आज फोन आला, शेजारच्या काकांना घेऊन या, पंचनाम्यावर सही हवी. काका त्या रात्री म्हापशाला मुलीकडे होते! काय करू?

सत्तरीचो_झील: झडतीच बेकायदा, केस उडाली समजा.

निवृत्त_कारकून: उडत नाही हो. झडतीत चूक झाली म्हणून सापडलेली वस्तू आपोआप बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्येच पूरणमल खटल्यात सांगितलंय. मी वकील नाही, कोर्टात कारकुनी केली, एवढंच.

वॉरंटशिवाय झडती घेता येते, हे त्यांचं खरं. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) कलम १८५ प्रमाणे तपास अधिकाऱ्यानं आधी कारणं लिहायची, काय शोधतोय तेही. स्वतः न जाता हाताखालच्याला पाठवलं तर त्याला लेखी हुकूम द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हव्यात. आणि झडतीचं शूटिंग आता ऐच्छिक राहिलेलं नाही.

माणूस पकडायला आले तर कलम ४४ खाली दार उघडावंच लागतं. पण माणूस देवघराच्या खणात मावत नाही. तिथे हात घालायचा तर १८५ चा कागद हवा.

काकांनी सही करू नये. पंच दोन, शक्यतो त्याच वस्तीतले, आणि झडती त्यांच्या डोळ्यांदेखत, असं कलम १०३ म्हणतं. लेखी बोलावूनही पंच म्हणून यायला विनाकारण नकार देणं गुन्हा आहे, म्हणून लोक घाबरतात. इथे तर झडती होऊन गेलीय! न पाहिलेल्यावर सही केली तर उद्या कोर्टात उलटतपासणी काकांचीच. जप्तीच्या यादीची प्रत मात्र तुम्ही लेखी मागा, पोच घ्या.

पेडणेकर_७: काकांना आत्ताच सांगून आलो, त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या ४८ तासांतल्या प्रती आम्हाला मिळतील? घर आईच्या नावावर आहे.

निवृत्त_कारकून: मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला फुकट मिळतात. अर्ज आईच्या नावानं करा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. अर्जात तारीख, वेळ, तिघांचं वर्णन घाला. बुटांचं नको, तो राग घरीच ठेवा.

पेडणेकर_७: बुटांचं आई घालायला लावणार.