हायड्रोजन नायट्रोजनवर की ऑक्सिजनवर? सॉल्ट म्हणायचं की को-क्रिस्टल? (आम्लाचा हायड्रोजन, म्हणजे प्रोटॉन, नायट्रोजनवर गेला तर सॉल्ट; आम्लाच्या ऑक्सिजनवरच राहिला तर को-क्रिस्टल.)

प्रश्न: लॅटिस_21
पिरिडिन (नायट्रोजन असलेलं वलय) असलेलं औषध (पीकेए, म्हणजे आम्लतेचा आकडा, 5.2) आणि सॅलिसिलिक आम्ल (3.0), 1:1, मिथेनॉलमधून. सिंगल क्रिस्टल (एकाच स्फटिकावरचा क्ष-किरण) डेटा 296 केल्विनचा. ओ···एन अंतर 2.55 अँगस्ट्रॉम, कार्बॉक्सिलचे सी–ओ 1.236 आणि 1.289, पिरिडिनचा सी–एन–सी कोन 119.5 अंश. एफिक्स 43 (हायड्रोजन ठरीव जागी बसवणारी आज्ञा) लावून हायड्रोजन नायट्रोजनवर ठेवलाय, आर1 (मॉडेल आणि डेटा यांतली तफावत) 5.2 टक्के, चेकसिफमध्ये (संरचना तपासणारी सेवा) ए अलर्ट, म्हणजे गंभीर इशारा, नाही. सॉल्ट म्हणून लिहू का?

उत्तर: फूरिये_नकाशा
इतक्यात नको. एफिक्स 43 ने हायड्रोजन तिथे सापडलेला नाही, तुम्ही तो तिथे बसवलाय. आर1 वरही जाऊ नका. एका इलेक्ट्रॉनचा अणू इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा जेमतेम हलतो.

तो हायड्रोजन काढून टाका, बाकी मॉडेल पूर्ण रिफाइन करा (डेटाशी जुळवून घ्या) आणि ओ–एन रेषेवरून जाणाऱ्या प्रतलात डिफरन्स मॅप (मॉडेलमध्ये न आलेल्या इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा) काढा. एकच ठळक शिखर दिसलं तर हायड्रोजन तिथे ठेवून मोकळा रिफाइन करा. शिखर लांबट किंवा दुहेरी असेल तर दोन्ही जागांवर ऑक्युपन्सी (त्या जागी असण्याचं प्रमाण) वाटा, बेरीज 1. क्ष-किरणांत एन–एच आणि ओ–एच खऱ्यापेक्षा सुमारे 0.1 अँगस्ट्रॉम आखूड दिसतात, तेव्हा 0.85–0.9 आलं तर दचकू नका.

तुमचा कोनही मधलाच आहे: उदासीन पिरिडिनला साधारण 117, प्रोटॉन घेतलेल्याला 122 च्या आसपास. डेटा 100 केल्विनला पुन्हा घ्याच. तापमानाबरोबर सी–ओ लांब्या आणि कोन एका दिशेने सरकले, तर प्रोटॉनच सरकतोय.

उत्तर: घन_एनएमआर
सी–ओ लांब्यांबद्दल एक सावधगिरी. सॅलिसिलिकमध्ये शेजारचा फिनॉलिक ओएच कार्बॉक्सिलच्या एका ऑक्सिजनशी रेणूच्या आतच हायड्रोजन बंध करतो, त्यामुळे तो सी=ओ मुळातच लांबलेला असतो. 1.21 आणि 1.31 ही नेहमीची जोडी इथे लावली तर फसगत होते.

आयआर (अवरक्त वर्णपट) एटीआरवर घ्या, म्हणजे नमुना तसाच ठेवून. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड) गोळी नको, दाबाने आणि आयनांच्या अदलाबदलीने फेज (स्फटिकरूप) बदलू शकते. 2450 आणि 1900 सेमी⁻¹ जवळ रुंद उंचवटे दिसले तर ते उदासीन ओ–एच···एन च्या बाजूने बोलतात. सर्वांत बोलकं मोजमाप नायट्रोजन-15 चं घन-अवस्था एनएमआर (चुंबकीय अनुनाद): प्रोटॉन पूर्ण गेला तर पिरिडिनचा सिग्नल साधारण 60 ते 100 पीपीएम सरकतो, नुसत्या हायड्रोजन बंधाने बराच कमी.

आधी पावडरचा क्ष-किरण पॅटर्न संरचनेतून काढलेल्या पॅटर्नशी जुळतो का पाहा. संरचना 100 केल्विनची असेल तर सेल (स्फटिकाचा एकक) आकुंचन पावलेला असतो, शिखरं थोडी सरकलेली दिसणारच.

उत्तर: पीकेए_आणि_पलीकडे
डेल्टा पीकेए (दोन पीकेएंमधला फरक) 2.2, म्हणजे ऐन धूसर पट्ट्यात, जिथे दोन्ही शक्य असतं. ही मूल्यं पाण्यातली. स्फटिकात शेजारी वेगळे असतात. डीएफटी (क्वांटम गणन) करायचं असेल तर पिरिऑडिक, म्हणजे पूर्ण स्फटिक धरून, करा. सुटी जोडी निर्वातात घेतली की गणित उदासीन रूपाकडेच झुकतं.

फाइल अमेरिकेत जाणार असेल तर एफडीएचं (तिथली औषध नियामक संस्था) 2018 चं मार्गदर्शन डेल्टा पीकेए 1 किंवा जास्त असेल तेव्हा सॉल्ट धरतं. को-क्रिस्टल म्हणायचं असेल तर स्पेक्ट्रोस्कोपीसह स्वतंत्र पद्धतींचा पुरावा तुम्ही द्यायचा. एनएमआर त्यासाठीही लागेलच.