आफ्रिकेच्या जंगलात छोट्या तंबू-कॅम्पमध्ये राहिलात? अनुभव लिहा

आमचं केनियाला जायचं घाटतंय. मी, नवरा, मुलगी (दहावीची परीक्षा झाली की, म्हणजे एप्रिल-मे) आणि सासूबाई, वय ७२, एक गुडघा बदललेला पण चालायला आमच्यापेक्षा पुढे. टूरवाले जी ठिकाणं दाखवतात ती सगळी शंभर-शंभर खोल्यांची, बुफे, स्विमिंग पूल वगैरे. मला ते नकोय. आठ-दहा तंबू, कुंपण नाही, मधे शेकोटी, असल्या कॅम्पात राहायचंय. नवऱ्याचं म्हणणं, एवढे डॉलर मोजून तंबूतच झोपायचं तर माळशेज काय वाईट आहे. सासूबाईंची अट एकच, कमोड पाहिजे.

तर ज्यांनी खरोखर तिथे रात्री काढल्यात त्यांनी लिहा. केनियाच पाहिजे असं नाही. भीती, खाणं, बाथरूम, पैसे, सगळं चालेल. सिंहाचे फोटो नकोत, ते ढिगाने बघून झालेत.

*

नैरोबीत बरीच वर्षं आहे, मूळ सांगलीचा. पहिलं म्हणजे एप्रिल-मे डोक्यातून काढा. मार्च अखेरपासून मेपर्यंत इकडे मोठा पाऊस, आणि मासाई मारातली (केनियातलं प्रसिद्ध अभयारण्य) बरीचशी माती म्हणजे आपलं काळं रान, लँड क्रूझर चारी चाकं फिरवत जागच्या जागी बसते. बरेच छोटे कॅम्प तेवढे दिवस बंदच असतात, जे चालू राहतात ते दर पाडतात, त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका. मुलीच्या ॲडमिशनच्या गडबडीतून जूनमध्ये वेळ काढता आला तर उत्तम. जुलैपासून नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांच्या) कळपांसाठी झुंबड, आणि २०२४ पासून मारा रिझर्व्हची परदेशी पाहुण्यांची फी जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. मुलांना कमी लागते, तरी गणित मांडून बघा.

कमोड असतो. बहुतेक कॅम्पात तंबूच्या मागच्या बाजूला कॅनव्हासचीच भिंत घालून संडास-बाथरूम जोडलेलं असतं, नीट फ्लशवालं. आंघोळीची गंमत वेगळी आहे. तंबूमागे दोरीने वर चढवलेली बादली, तिला खाली शॉवरची तोटी. तुम्ही वेळ सांगायची, माणूस शेकोटीवर तापवलेलं पाणी आणून भरतो आणि बाहेरून विचारतो, ओके? मग तोटी फिरवायची, अंग भिजवून बंद करायची, साबण लावायचा, परत चालू. गोरे पाहुणे यावर फार कुरकुर करतात, आपल्याला काही वाटत नाही, आपण बादलीचीच माणसं.

थंडीचं कुणी सांगत नाही. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, आफ्रिका म्हणजे गरम असं समजून लोक नुसते टीशर्ट घेऊन येतात आणि पहाटे साडेसहाच्या उघड्या गाडीत कुडकुडतात. रात्री तुम्ही जेवायला गेलात की कॅम्पवाले पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून जातात. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांना हे माहीत नव्हतं, पायाला काहीतरी मऊ आणि गरम लागलं आणि ते जे काय ओरडले की अस्कारी भाला घेऊन धावत आला. अस्कारी म्हणजे रात्रीचा राखणदार, बहुतेक वेळा आसपासच्या गावातलाच मासाई. अंधार पडल्यावर त्याच्याशिवाय तंबूच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, जेवायला जाताना आणि येताना तो सोबत असतो. रात्री काही लागलं तर बाहेर जायचं नाही, बॅटरी चमकवायची नाहीतर तंबूत ठेवलेली शिट्टी वाजवायची.

आणि शक्य असेल तर रिझर्व्हच्या आत किंवा गेटबाहेर राहण्यापेक्षा शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत राहा. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी नावं दिसतील. ही जमीन मासाई कुटुंबांच्या मालकीची आहे, कॅम्पवाले ती भाड्याने घेतात, दरमहा भाडं कुटुंबाला मिळतं, त्या बदल्यात तिथे शेती-कुंपण होत नाही आणि गुरं ठरवून दिलेल्या भागात चरतात. नाबोइशोत तर साडेतीनशे एकरांमागे एकच तंबू असा हिशोब आहे, आणि एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत. रिझर्व्हमध्ये रात्रीची सफारी नाही, पायी फिरणं नाही, कॉन्झर्व्हन्सीत दोन्ही आहे. महाग पडतं, पण पैसे कुठे जातात ते तरी कळतं.

*

मी ठाण्याची, आणि मी भित्री आहे हे आधीच सांगते, कारण वरच्या दादांनी अस्कारी असतो म्हणून जे सहज लिहिलंय ना ते इतकं सहज नसतं.

आम्ही फेब्रुवारीत टांझानियात न्दुतूला होतो, तिथे फिरते कॅम्प लागतात, म्हणजे विल्डबीस्ट दक्षिणेला असतात तेव्हा कॅम्प न्दुतूला आणि जुलैत ते उत्तरेला मारा नदीकडे गेले की हाच कॅम्प तंबू-खाटा-भांडी ट्रकवर घालून तिकडे. फेब्रुवारी म्हणजे त्यांची वीण, बहुतेक सगळी पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, आणि तिथे आसपास लाखोंनी विल्डबीस्ट. दिवसा बघायला फार छान. रात्री काय होतं ते ऐका. आमच्या तंबूच्या चारी बाजूंना कळप येऊन चरायला लागला, आणि ते प्राणी गप्प बसतच नाहीत, सारखं हंऽ हंऽ हंऽ, हजार म्हातारे एकदम घसा खाकरतायत असं, आणि त्यात यांचं घोरणं, मला कळेना कुठलं कुणाचं. मग अचानक सगळे गप्प. एकदम. मला आधीच्या आवाजापेक्षा त्या शांततेची जास्त भीती वाटली. मग धडाधड पळाल्याचा आवाज, तंबूची दोरी कुणाच्या तरी पायात अडकून टण्णकन वाजली, आणि त्यानंतर तरस. तरसाचा हसण्याचा आवाज सगळ्यांना माहीत असतो, पण ती हाक, खालून वर चढत जाणारी, ऊऽऽऽप, ती रात्री दोन वाजता मच्छरदाणीत बसून ऐकायची गोष्ट नाही.

सकाळी गाइडला म्हटलं सिंहसुद्धा होता का. म्हणे हो, पण लांब होता. सिंहाची डरकाळी आठ-आठ किलोमीटर ऐकू जाते, म्हणून जवळ वाटतो. त्याने समजावलं की जनावरांना बंद तंबू म्हणजे एक मोठं ढेकूळ वाटतं, आत माणसं आहेत असा हिशोब ती करत नाहीत, फक्त चेन पूर्ण लावायची, हवा येत नाही म्हणून अर्धी उघडी ठेवायची नाही, आणि आत खाण्याचं काही ठेवायचं नाही. हे ऐकून मी घरून आणलेली चिवड्याची पाकिटं आणि लाडवांचा डबा सगळं मेसच्या तंबूत नेऊन दिलं, तिथल्या पत्र्याच्या पेटीत. लाडू कॅम्पमधल्या मुलांनी संपवले, मला काही वाईट वाटलं नाही.

परत जाईन का? हो. कशी काय ते मला विचारू नका.

अजून एक, न्दुतूच्या आधी टांझानियातल्याच तरांगिरेच्या जंगलात होतो तिथे त्सेत्से माशा आहेत आणि त्या निळ्या-काळ्या रंगावर येतात. झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात ते त्यासाठीच. यांनी गडद निळी जीन्स घातली होती, गाइडने गाडी सुरू करायच्या आधी बदलायला लावली. मातकट रंगाचे कपडे घ्या, स्टाइल म्हणून नाही, माशी चावली की खरंच कळवळायला होतं, जाड कापडातूनसुद्धा.

*

जोहान्सबर्गहून लिहितोय. सगळे डॉलरबद्दल बोलतायत म्हणून एक गरिबांचा पर्याय. क्रुगर नॅशनल पार्कमध्ये ओर्पन गेटजवळ तांबोटी म्हणून छोटा तंबूंचा कॅम्प आहे, सरकारी. लाकडी माचीवर तंबू, आत खाटा, बाहेर व्हरांड्यात फ्रिज, खाली टिंबावाती नदीचं पात्र, बहुतेक वेळ कोरडं. गाडी आपली आपण चालवायची, डांबरी रस्त्यावर ५० ची मर्यादा, कच्च्यावर ४०, आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत कॅम्पात यायचं, उशीर झाला तर दंड. स्वयंपाक आपला. आम्ही पोहे, खिचडी, रात्री चुलीवर कणसं. इथे कुंपण आहे हे खरं, पण हनी बॅजर नावाच्या छोट्या जनावराला कुंपण कळत नाही, रात्री कचऱ्याचा डबा उलटापालटा करून जातो, आणि माकडं तर फ्रिज उघडायला शिकलेली. नदीपात्रात हत्ती येतात ते व्हरांड्यात चहा पीत बघायचे.

तुमच्या सासूबाईंना साधे तंबू जमणार नाहीत, बाथरूम सार्वजनिक आणि चालत जावं लागतं. त्याच कॅम्पात बाथरूमवाले मोठे तंबू आहेत ते बघा, पण ते लवकर भरतात. कुंपण असलं की जंगल कमी होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. चार लोकांचं कुटुंब तिथे कित्येक रात्री राहील तेवढ्या पैशात मारामध्ये एक रात्रही निघत नाही.

*

वरच्या दादांशी अर्धा सहमत. मी नागपूरचा, ताडोब्यात वाढलो म्हणा ना. आपल्याकडे जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही हे डोक्यात इतकं बसलंय की झांबियाच्या साउथ लुआंग्वात पहिल्या सकाळी गाइड म्हणाला चला, चालत, तेव्हा मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो. पायी सफारीची पद्धत नॉर्मन कार या वन्यजीव-रक्षकाने याच खोऱ्यात रुजवली. पुढे बंदूकवाला सरकारी स्काउट, त्याच्या मागे गाइड, मग आपण एका ओळीत, आणि सगळ्यात मागे चहाचं सामान घेतलेला माणूस. बोलायचं नाही.

कॅम्प म्हणजे नदीकाठी मोजक्या झोपड्या-तंबू. पावसाळ्यात नदी फुगते, रस्ते बुडतात, म्हणून आतले कॅम्प मोसम संपला की उतरवतात आणि पाऊस गेल्यावर पुन्हा उभारतात. आम्हाला चालताना मोठं जनावर फारसं दिसलं नाही. पण हत्तीच्या शेणावरून किती वेळापूर्वी गेला, पाणघोड्याची वाट मधे उंचवटा असलेली दोन पायवाटांची कशी, वाळूत बिबळ्या कुठे बसला आणि कुठून उठला, हे सगळं गाइडने दाखवलं. गाडीतून दहा सिंह बघून जे कळलं नसतं ते तिथे कळलं. रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात, तंबूच्या मागे गवत उपटल्याचा आवाज एवढा स्वच्छ येतो की चावतोय तेही मोजता येतं. ऑक्टोबरला जाऊ नका, विदर्भातला माणूस सांगतोय, भयंकर गरम.

मुलगी मोठी आहे म्हणून चालेल, लहान मुलांना, साधारण बारा वर्षांखाली, चालायला नेत नाहीत.

*

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी पुण्याची, वय ६८, शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. केनियातल्या कॅम्पात व्हेज म्हटलं की पास्ता, भाजलेल्या भाज्या, परत पास्ता. कंटाळून मी सरळ स्वयंपाकघराच्या तंबूत गेले आणि विचारलं तुम्ही काय खाता. त्यांच्या पातेल्यात हिरव्या मुगाची घट्ट उसळ आणि शेजारी चपात्यांची चळत! त्यानंतर मी आणि आमच्या मैत्रिणी तेच जेवलो. त्या मुलांना एवढा आनंद झाला, शेवटी शेवटी आचारी स्वतः विचारायला यायचा तिखट पुरेसं आहे का. निखाऱ्यांवर पत्र्याच्या पेटीत भाजलेला पाव मात्र जरूर खा.

आता तक्रार. ‘टेंटेड कॅम्प’ या नावाला भुलू नका. आमच्या एजंटने मारा मारा म्हणून जो कॅम्प दिला त्यात तंबूंच्या रांगाच्या रांगा होत्या, मधे सिमेंटची वाट, रात्री जनरेटर, आणि गेटपर्यंत जायलाच तासभर. पैसे भरायच्या आधी विचारा, एकूण तंबू किती, गेटपासून किती लांब, गाडी कॅम्पची का एजंटची, आणि गाडीत माणसं किती. या चार प्रश्नांची सरळ उत्तरं आली नाहीत तर सोडून द्या.

*

बोट्स्वानाबद्दल थोडंसं. ख्वाई भागात फिरत्या कॅम्पात होतो, जुलैत. तिथल्या ओकावांगो नदीचं पाणी अंगोलात पडलेल्या पावसाचं, ते महिनोन् महिने वाहत येऊन नेमकं कोरड्या दिवसांत पोचतं, त्यामुळे सगळं रान वाळलेलं आणि मधे पाणी तुडुंब, म्हणून हत्ती. पहाटे हात गारठून चहाचा कप धरवत नाही. एक हत्ती तंबूशेजारच्या झाडाच्या शेंगा खायला रोज रात्री यायचा, झाड हलवायचा, शेंगा आमच्या छपरावर टपटप, मग सोंडेने कॅनव्हासला घासत एकेक गोळा करायचा. आम्ही दोघं श्वास धरून. बायको म्हणे हे बघायला आलोय ना, मग घाबरतोस काय. ती झोपली, मी नाही.

*

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, तो आता बिबळ्या कुठे बसला त्यावर अडकलाय. एप्रिल रद्द, जूनचा मधला आठवडा बघतोय. सासूबाईंना विमानाने मारात न्यावं का रस्त्याने? आणि यलो फीव्हरची लस त्यांनाही लागेल का?

*

सांगलीकर परत. विमानाने न्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण-एक तासात पोचवतं, रस्त्याने पाच-सहा तास आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा. सामान माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. वजन करताना हातातली पर्सही धरतात. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, कपडे कापडी पिशव्यांत भरा.

केनियातून भारतात परतताना यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी लस घेतलेली पाहिजे, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढच्या लोकांना त्या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सासूबाईंचं तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नको. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

टिपबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मेसमध्ये सगळ्या स्टाफचा एक सामायिक डबा असतो, स्वयंपाकी, पाणी तापवणारा, अस्कारी सगळ्यांना त्यातून मिळतं, गाइडची वेगळी, त्याच्या हातात. निघायच्या दिवशी द्यायची. डॉलर नेणार असाल तर सुट्ट्या नोटा न्या आणि मुंबईत घेतानाच नोटेवरचं साल बघा, २००६ च्या आधीच्या नोटा इकडे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, फाटकी किंवा पेनाने खूण केलेली असेल तरीही नाही.