घरात गाडी एकच, आणि ती विजेवरची घ्यावी का? (कोथरूड, पाच माणसे)

कोथरूड_डेपो

नमस्कार. आमच्या घरी आई, आम्ही दोघे आणि १३ व ८ वर्षांची दोन मुले अशी पाच माणसे आहेत. गाडी मात्र एकच, २०१२ साली घेतलेली पेट्रोलची हॅचबॅक, आणि ती हल्ली आमच्यापेक्षा गॅरेजवाल्याच्या सहवासात जास्त रमते. येत्या पाडव्याला नवी गाडी घ्यायचे चालले आहे. नोंदणी आणि विमा धरून १२ लाखांच्या पुढे जाण्याची तयारी नाही.

रोज हिंजवडी फेज २ पर्यंत जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर होतात, इतर फिरणे धरून महिन्याला हजार. वर्षातून पाच-सहा वेळा कराडजवळच्या गावी जातो, ते अंतर एका बाजूने १६५ किलोमीटर आहे. आमची सोसायटी १९९६ सालची असून ३२ सदनिका आहेत. इमारतीखाली गाडी लावायला ठरलेली जागा आहे, परंतु मीटर रूम बरोबर दुसऱ्या टोकाला आहे आणि आजवर कोणीही चार्जिंगची सोय केलेली नाही.

शोरूममध्ये विचारले की माहितीपत्रकातले आकडे ऐकवतात आणि नातेवाइकांना विचारले की जळणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दाखवतात. घरात दुसरी गाडी नसताना केवळ विजेच्या गाडीवर संसार चालतो का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून कळले तर उपकार होतील.

वारज्याची_उतरण

माझ्याकडे २४ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) बॅटरीची विजेवरची छोटी हॅचबॅक अडीच वर्षांपासून आहे आणि तिचे ३१ हजार किलोमीटर झाले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा त्याच कंपनीवर जाऊन बसेल.

माहितीपत्रकातला पल्ला हा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो; त्यातून तिसरा हिस्सा वजा करून उरेल तेवढाच आपला समजावा. मला शहरात एका युनिटला साधारण आठ किलोमीटर मिळतात. मे महिन्यात एसी चालू ठेवून चांदणी चौकाच्या कोंडीत अडकलो तरी मोटर थांबलेली असताना काहीच खात नाही, फक्त एसी तासाला सुमारे एक युनिट घेतो. त्यामुळे ज्या कोंडीत पेट्रोलच्या गाडीचा ॲव्हरेज रसातळाला जातो, तीच कोंडी या गाडीला फारशी बाधत नाही. तुमच्या हिंजवडीच्या रस्त्याला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मी देऊ शकत नाही.

खर्चाचे सांगायचे तर भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, दहा-बारा टक्के वाटेत उष्णतेत जाते. हजार किलोमीटरना मीटरवर १४० ते १५० युनिटे पडतात. आमचे घरगुती बिल पूर्वी १८० युनिटांचे होते, ते आता ३०० चा टप्पा ओलांडते आणि वरची युनिटे महाग दराने लागतात, हे आधी कोणी सांगितले नव्हते. तरीही बिलात दोन हजारांच्या आसपासच भर पडली. जुन्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सात हजारांच्या वर पेट्रोल लागत असे.

आता तुमच्या पाच माणसांविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. पेट्रोलच्या गाडीचा सांगाडा घेऊन त्यात बॅटरी बसवलेल्या स्वस्त गाड्यांत काही ठिकाणी मागच्या जागेची फरशी थोडी उंचावते, मांडीला आधार मिळत नाही आणि गुडघे वर येतात. तरुणांना ते जाणवत नाही; माझ्या सासूबाईंना शिरवळपर्यंत जाणवले. तेव्हा आईंना शोरूममध्ये घेऊन जा आणि दोन्ही नातवंडांसह त्यांना मागे पंधरा मिनिटे बसवा. विक्रेता चुळबुळ करील, करू द्या. कॉमेट ही गाडी गल्लीबोळांसाठी उत्तम आहे, परंतु तिला दोनच दारे आहेत, आसने चार आहेत आणि बॅटरी १७.३ युनिटांची, तुमच्या घरासाठी तिचा विचारही नको. जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आलेल्या पंच ईव्हीला २५ आणि ३५ युनिटांच्या बॅटऱ्या होत्या. गावाला नेण्याची गाडी ३५ च्या खाली घेऊ नये असे माझे २४ वाल्याचे प्रामाणिक मत आहे.

किरकोळ गोष्टी: बऱ्याच मॉडेलांत स्टेपनी नसते, पंक्चर दुरुस्तीचा संच देतात, तेव्हा आधी विचारून घ्या. वजन आणि जोर दोन्ही जास्त असल्याने टायर लवकर झिजतात. मोठी बॅटरी भरलेली असूनही नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर गाडी दार उघडायलासुद्धा तयार होत नाही. एकदा सकाळी पावणेसात वाजता मी याचा अनुभव घेतला आहे.

सचिव_चौथ्यांदा

कर्वेनगरच्या ४० सदनिकांच्या सोसायटीचा मी सचिव आहे (चौथ्यांदा, कारण दुसरे कोणी तयार होत नाही). गाडी कोणती हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गाडी रात्री जिथे उभी राहणार त्या भिंतीत सॉकेट येणार की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. रोज बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन संसार करता येत नाही. जे तसे करतात त्यांना विजेचा दरही जास्त पडतो आणि संध्याकाळही तिथेच जाते.

तुमच्याकडे ठरलेली जागा आहे, म्हणजे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यात पहिली गोष्ट मंजूर भाराची, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे त्याची. जुन्या सदनिकांचे मंजूर भार त्या काळच्या पंखे-दिव्यांच्या हिशेबाने घेतलेले असतात. गाडी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे तीन किलोवॉट घेते, तेवढ्यात गीझर आणि एसी लागला की मुख्य एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) पडतो. त्यामुळे महावितरणकडून भार वाढवून घ्यावा, किंवा गाडीसाठी वेगळी जोडणी घ्यावी. वेगळ्या मीटरला घरगुती टप्पे लागत नाहीत, म्हणून वर वारज्याच्या मंडळींनी सांगितलेली ३०० युनिटांची अडचण तिथे येत नाही. मात्र त्या मीटरचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो, तेवढा हिशेब आपला आपण करावा. कोणताही मार्ग घ्या, वीज तुमच्या मीटरवरून यायला हवी. सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवरून तात्पुरती वायर ओढली की पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमचे नाव इतिवृत्तात जाते, आणि योग्यच आहे ते.

दुसरी गोष्ट तारेची. आमच्याकडे पहिल्या गाडीवाल्याने घरच्या वायरमनकडून २.५ चौरस मिलिमीटरची तार ६० मीटर ओढून घेतली. त्या लांबीवर १४ अँपिअर प्रवाह वाहताना जवळजवळ १२ व्होल्ट तारेतच पडतात आणि सुमारे १७५ वॉट रात्रभर नुसते तार तापवण्यात जातात. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाचच व्होल्ट पडतात. तांब्याचे पैसे एकदाच जातात, म्हणून इथे काटकसर करू नये. मीटर रूममध्ये स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ), तार जाड पाइपमधून आणि स्वतंत्र अर्थिंग हवे. अर्थिंग नसेल तर बहुतेक गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि लोक गाडीला दोष देत बसतात.

ना हरकत मागताना ‘इलेक्ट्रिक गाडीसाठी परवानगी’ असा मोघम अर्ज करू नका. तारेचा मार्ग, जाडी, मंजूर भार आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे पत्र जोडा. समितीत आगीची भीती असतेच. ती चेष्टेने जात नाही, कागदाने जाते. शिवाय ३२ घरांपैकी उद्या आणखी दहा जण मागतील, तेव्हा मीटर रूमला येणारी मुख्य केबल तेवढा भार पेलेल का, हे आताच ठेकेदाराकडून लिहून घ्यावे. आम्ही ते केले नाही आणि सहाव्या गाडीला अडलो.

टाकी_फुल्ल

सगळे सुंदर लिहिले आहे, पण थोडा थंड हिशेब करू. सारख्याच आकाराची पेट्रोलची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त पडते. जीएसटीचा फरकही पूर्वीइतका राहिलेला नाही. विजेच्या गाडीवर ५ टक्के आहे, तर छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. महिन्याला हजार किलोमीटरवर पाच हजार वाचले तर वर्षाचे साठ हजार, म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला चार-पाच वर्षे जाणार. त्यानंतर विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचा विचारणार. आणि आईंना रात्री-अपरात्री गावी न्यायची वेळ आली, तेव्हा बॅटरी ३० टक्क्यांवर असली तर काय करणार? घरात दोन गाड्या असतील तर एक विजेची जरूर घ्यावी. एकच असेल तर मी घेणार नाही.

वारज्याची_उतरण

टाकी_फुल्ल यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त एक बाजू राहिली. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर लागतो आणि विजेच्या गाडीला राज्याच्या धोरणानुसार तो माफ आहे. शोरूमच्या किमतीतला फरक रस्त्यावर येईपर्यंत बराच आटतो. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यातही १५ टक्के सूट आहे, ती रक्कम चहापाण्यापुरतीच. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी बऱ्याच गाड्यांना मिळते. विक्रीचा मुद्दा मात्र मान्य. मी आठ वर्षे वापरायची अशाच हिशेबाने घेतली. चार वर्षांनी बदलणाऱ्याने घेऊ नये.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेला भुलू नका. विंडसर ही विजेची गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा ९ लाख ९९ हजारांच्या किमतीसोबत किलोमीटरमागे साडेतीन रुपये बॅटरीचे भाडे होते. त्यात विजेचा खर्च मिळवा, म्हणजे पेट्रोलशी किती अंतर उरते ते दिसेल.

कोथरूड_डेपो

सर्वांचे आभार. आईला काल शोरूममध्ये नेले. पहिल्या गाडीत तिने तीन मिनिटांत निकाल दिला, दुसऱ्या थोड्या उंच गाडीत ती स्वतःहून बसली आणि उठायचे नाव घेईना. ३५ युनिटांची तीच आता डोक्यात आहे. कराडच्या रस्त्याविषयी कोणी सांगेल का?

उंब्रजकर_पुण्यात

त्याच रस्त्यावर माझे अर्धे आयुष्य गेले आहे, त्यातली शेवटची दीड वर्षे ३५ युनिटवाल्या गाडीत.

महामार्गावर सगळा खेळ वेगाचा आहे. ताशी ८० ने चाललात तर एका युनिटला सात किलोमीटर सहज मिळतात, १०० ने गेलात तर सहासुद्धा कठीण, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन ८० ते ८५ ने गेलो की मी कराडला २५ टक्के शिल्लक ठेवून पोहोचतो. माझ्या फेऱ्यांत जाताना खंबाटकी घाट चढावा लागला, येताना बोगदा होता. घाटाची भीती लोकांना उगाच वाटते. सामानासह दीड टनाची गाडी ५५० मीटर उंच चढवायला, म्हणजे खोपोलीच्या बाजूने बोरघाट चढून येण्याइतके काम करायला, सपाटीच्या खर्चाखेरीज सव्वादोन युनिटे लागतात, आणि पलीकडे उतार असेल तर त्यातली बरीचशी परत येतात. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना मात्र उतारावर परत घ्यायला जागाच नसते, आणि मग ब्रेकवर विसंबावे लागते, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे.

बाहेरच्या चार्जिंगचा माझा नियम असा, की ३० टक्के असतानाच थांबायचे आणि पुढे आणखी एक ठिकाण हाताशी ठेवायचे. गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या अलीकडे एका ठिकाणी दोन यंत्रांपैकी एक बंद होते, दुसऱ्यापुढे तीन गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीला तासभर. मी गाडीतल्या टक्क्यांवर विश्वास ठेवून १४ टक्क्यांपर्यंत ताणले होते, त्यामुळे पुढे जाण्याची सोय उरली नव्हती. अडीच तास गेले. मुलांनी शेजारच्या हॉटेलात तेवढ्या वेळात तीन मिसळी संपवल्या आणि घरच्यांनी मला जे सुनावले ते इथे लिहीत नाही. दिवाळी, गणपती आणि मे महिन्यातले शनिवार सोडले तर असा प्रसंग पुन्हा आला नाही.

गावी १५ अँपिअरचे सॉकेट असेल तर रात्रभरात गाडी भरते. परंतु जाण्याआधी तिथले अर्थिंग तपासून घ्या आणि भारनियमनाच्या वेळा घरच्यांना विचारून ठेवा. टोलचे म्हणाल तर मुंबई द्रुतगती मार्गावर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना माफी आहे, पण आपल्या सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि आनेवाडीला मी नेहमीसारखाच टोल भरतो.

रात्री-अपरात्रीच्या प्रश्नावर: गाडी रोज रात्री चार्जिंगला लावायचीच, टक्के कितीही असोत. आम्ही फोन जसा लावतो तशी. मग सकाळी ३० टक्के दिसण्याची वेळ येतच नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी तोवर गाडी भरलेली असते.

कोथरूड_डेपो

काल संध्याकाळी मुलीला टेप धरायला लावून मीटर रूमपासून आमच्या खांबापर्यंतचे अंतर मोजले, वळणे धरून ४४ मीटर भरले. मंजूर भार ३ किलोवॉट निघाला, तो वाढवण्याचा अर्ज भरतो आहे. रविवारी समितीची बैठक आहे. अध्यक्षांनी ‘आधी दुसऱ्या सोसायटीत काय केले ते दाखवा’ म्हटले आहे. सचिवसाहेब, ४४ मीटरला ४ ची तार चालेल की ६ चीच घ्यावी? आणि आपल्या मीटर रूमचे छायाचित्र मिळू शकेल का?

सचिव_चौथ्यांदा

४ चालेल, पण ६ घ्या. उद्या मोठा चार्जर बसवावासा वाटला तर पुन्हा भिंती फोडाव्या लागणार नाहीत. छायाचित्र कशाला, अध्यक्षांनाच शनिवारी सकाळी दहानंतर घेऊन या. दहाच्या आधी येऊ नका, पाण्याचा टँकर फाटकात उभा असतो.